बर्फात बसाचं नसते

लाल दोऱ्याचं टोक पुढे यायला हवं होतं; मी ते मागे ठेवलं. चूक म्हणाल तर एवढीच. पण ती मी हिमालयात केली, आणि माझ्या पुढे जी बाई चालली होती तिने त्या दिवसासाठी अर्धं आयुष्य उभ्याने काढलं होतं.

आता हिमालयात माझं काय काम, हे सांगायचं तर रायपूरपासून निघावं लागेल. कारण बर्फावर चढायचं मी रायपुरात शिकलो. हसू नका. शिकवणारी तशी होती.

नवं राज्य झालं, नवी राजधानी झाली, आणि भोपाळच्या कार्यालयातून कपाटं, फायली आणि मी असे सगळे एकाच हुकमाने रायपूरला येऊन पडलो. कपाटांना जागा आधी मिळाली. मी खोली शोधत सदर बाजार, बूढ़ापारा असा फिरत फिरत तात्यापाऱ्यातल्या एका दुमजली घरापाशी पोचलो. खाली मालकीण, वर एक खोली रिकामी. मालकीण मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, तिला ‘पीटी दीदी’ म्हणायचा. मी पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणालो. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मंगळसूत्राच्या जागी शिट्टीच, कारण लग्न करायला म्हणे एका जागी बराच वेळ बसावं लागतं.

तिने माझं गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “पहाड पाह्यला का कधी?”

खोली हवी होती. मी म्हणालो, दरवर्षी जातो. माझ्या डोळ्यांसमोर चिखलदरा होता. तिथे मी एकदाच, मेव्हणीच्या लग्नाला गेलो होतो आणि घाटात तीन वळणांनंतर खिडकीतून मान बाहेर काढून होतो.

“बरं झालं,” बाई म्हणाली, “मले जोडीदार पाहिजेच होता.”

मला वाटलं, पत्त्यांसाठी.

त्या घरात खुर्ची नव्हती. पलंग होता, तोही झोपेपुरता. सकाळी त्याची गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली असायची, म्हणजे कोणाला मोह नको. बाई पेपर गच्चीवर चालत वाचायची, पोहे ओट्यापाशी उभी राहून खायची, आणि पाहुणे आले की त्यांच्या हातात चहा देऊन त्यांना अंगणात फेऱ्या मारायला लावायची. मी पहिल्या आठवड्यात जिन्याच्या खालच्या पायरीवर बूट घालायला टेकलो, तर आतून आवाज आला, “बसला का रे? उठ. बर्फात बसाचं नसते.”

मे महिना होता. रायपूरचा. कावळे नळाखाली रांग लावून होते.

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की स्वप्नातही उभा राहू लागलो. त्यामागची गोष्ट बाईने कधी सलग सांगितली नाही; सलग सांगायला थांबावं लागतं. बूढ़ातालाबाला फेऱ्या मारताना तुकड्यातुकड्याने सांगायची, अर्धी या काठाला, उरलेली त्या काठाला. तिचे वडील रेल्वेत होते. पास होता. विशीत असताना त्या पासावर ती गढवालात बर्फाच्या शिबिराला गेली आणि स्की शिकली. स्की म्हणजे ते पायांना लांब फळ्या बांधून घसरणं. पण त्यातही दोन जाती आहेत, हे तिच्याकडून कळलं. एका जातीचे लोक तारेला लटकलेल्या पाळण्यात बसून वर जातात आणि घसरत खाली येतात. त्यांना बाई माणसात धरत नसे. “थे लोक बसून वर जातात,” ती म्हणायची, आणि चालण्याचा वेग वाढायचा. तिची जात दुसरी. पायात फळ्या घालून आपल्या दमाने, जिथे तार नाही, वाट नाही, अशा पांढऱ्या उतारावर चढायचं, डोंगराच्या धारेवर पोचायचं, पलीकडे काय आहे ते पाहायचं आणि मग उतरायचं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी अशीच एक धार चढायची होती. नियम असा, की जोडी सुटायची नाही. एक परतला तर दुसऱ्यानेही परतायचं. बाईची जोडीदार पोरगी अर्ध्यात दमली आणि बर्फात बसली. बसली ती बसलीच. धार समोर दिसत असताना बाईला त्या पोरीला घेऊन उतरावं लागलं. पलीकडे काय होतं, ते राहून गेलं. मग शाळेची नोकरी, आईचं आजारपण, वडिलांचा पास संपला. आता निवृत्ती जवळ आली होती, आणि डॉक्टरांनी गुडघ्यांकडे पाहून सांगितलं होतं, दीदी, एक-दोन हिवाळे, मग जिनासुद्धा जपून.

“एक डाव पल्याड पाहाचं आहे,” बाई म्हणायची. “बस. बाकी काही नाई.”

अशी सगळी तयारी होती. फक्त जोडीदार नव्हता. आणि मी तर दरवर्षी पहाडावर जाणारा.

रायपुरात बर्फ दोनच ठिकाणी मिळतं, फ्रीजमध्ये आणि गोल्याच्या गाडीवर. बाईने दोन्हींचा उपयोग केला. तिच्या जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जाड हिम धरायचं. ते ती पुसायची नाही. चमच्याने खरवडून माझ्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, “हे कोणतं?” मी म्हणायचो, थंड. “आंधळा आहेस. हे जुनं हाय, दाणा पडला याचा. यावर पाय घसरते. आता हे पाह्य, हे कालचं.” त्याच फ्रीजमध्ये स्कीला घासायचं मेण दह्याशेजारी ठेवलेलं असायचं, नाहीतर उन्हाळ्यात त्याचं तूप व्हायचं. एकदा मी ते तूप समजून पोळीला लावलं. चव वाईट नव्हती. पण दोन दिवस घास फार लवकर खाली उतरत होते.

तालाबाच्या काठचा गोलेवाला तिला पाहिला की गाडी वळवायचा. ती त्याचं किसलेलं बर्फ चिमटीत धरून उजेडात बघायची आणि म्हणायची, भैया, आज बहुत मोटा गिराया. तो बिचारा दर वेळी माफी मागायचा.

चढताना फळी मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटाला केसाळ पट्टी बांधतात. मांजराच्या पाठीसारखी तिची लव एकाच दिशेने झोपलेली असते. पुढे सरकताना गुळगुळीत, मागे घसरू लागली की लव उभी राहून बर्फ धरते. बाईच्या जुन्या पट्ट्यांचा डिंक रायपूरच्या उन्हाने वितळून त्या कपाटाच्या दाराला कायमच्या चिकटल्या होत्या. म्हणून ती मला घेऊन सदर बाजारात गेली. कापडाच्या दुकानात सोफ्याला लावतात ती जाड मखमल काढायला लावली. एकेक ठाण गालावर फिरवून पाही, डोळे मिटून, आधी खालून वर, मग वरून खाली. दुकानभर बायका बघू लागल्या. दुकानदाराने आदबीने विचारलं, “दीदी, शादी का है क्या?”

“नहीं भैया,” बाई म्हणाली, “चढ़ने का है.”

ज्या घरात सोफा नाही त्या घरात सोफ्याचं कापड आलं. बाईने त्याच्या पट्ट्या शिवल्या, दोन्ही टोकांना सारखेच पट्टे आणि बक्कल लावले, आणि पुढचं टोक ओळखायला तिथे लाल दोऱ्याचे टाके घातले. शिवताना, अर्थात उभीच, तिने मला त्या लाल टाक्यांचं महत्त्व समजावलं. मी त्या वेळी मान हलवत होतो. मान हलवण्यात मी सरकारी नोकरीत तयार झालो आहे. कान मोकळे राहतात.

नव्या राजधानीचे रस्ते आधी झाले, माणसं मागाहून यायची होती. सकाळच्या वेळी त्या रुंद, रिकाम्या डांबरावर बाई मला चाकांच्या फळ्या बांधून चालवायची, हातात दोन काठ्या. एकदा आमच्या साहेबांची गाडी शेजारून गेली. काच खाली झाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि काच वर झाली. त्या दिवसापासून कार्यालयात मला जिना चढायचं काम कोणी सांगेना. माझ्या पायांना काहीतरी झालंय आणि मी इलाज करून राहिलो, असं सगळ्यांनी ठरवलं.

पण खरी शाळा भरायची ती धानाच्या गिरणीवर. छत्तीसगडात धान किती होतं ते सांगायला नको; आणि जिथे धान तिथे भुसा. शहराबाहेरच्या एका गिरणीमागे भुशाचा डोंगर होता, खरोखरचा, दुमजली घरापेक्षा उंच, सोनेरी आणि सरळ उताराचा. बाईने शेठजींची परवानगी काढली होती. शेठजींना वाटलं, नवस असेल. दर रविवारी शिट्टी वाजायची आणि आम्ही फळ्या खांद्यावर टाकून भुशाच्या पायथ्याशी हजर व्हायचो. तिथे काम करणाऱ्या बायका सूप खाली ठेवून बघत बसायच्या. एक म्हातारी दर रविवारी विचारायची, “आजो चघबे का, दीदी?” म्हणजे आजही चढणार का. बाई म्हणायची, “हव.” एवढाच संवाद.

भुशावर चढणं म्हणजे एक पाऊल पुढे आणि पाऊणएक पाऊल मागे. पट्टी लावा, नका लावू, माणूस मागेच येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. मी घसरायचो, पडायचो, भुशात मानेपर्यंत जायचो. भुसा कानात जायचा, बनियनमध्ये जायचा. सोमवारी फाइलीवर सही करताना बाहीतून पडायचा. वाकलं की माझं पोट मध्ये येई, म्हणून माझ्या पट्ट्याही बाईच बांधायची, वरून पुटपुटत, “तुह्यापेक्षा मह्या सहावीतल्या पोट्ट्या बऱ्या.”

तोवर माझी बायको यवतमाळहून येऊन राहिली होती. ती बाईला मावशी म्हणायची. रविवारी ती स्कूटीवर डबा घेऊन यायची. मी बहुतेक पायथ्याशी भुसा झटकत असायचो आणि बाई वर शेंड्यावर. मग ही साडी खोचून वर चढायची, बाईला पोळी-भाजी द्यायची, दोघी वर फेऱ्या मारत काहीतरी बोलायच्या, आणि ही खाली उतरून यायची. एकदा बाईच्या फळ्या घालूनच उतरली. मी ते पाहिलं. पण पाहिलेलं सगळं डोक्यात शिरतंच असं नाही. मी त्या वेळी डबा उघडत होतो.

बाई निवृत्त झाली त्या हिवाळ्यात आम्ही निघालो. गढवालातला आमचा वाटाड्या बाईच्याच वयाचा, सुरकुतलेला, कमी बोलणारा. आदल्या संध्याकाळी त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. जोडी टूटेगी नहीं, एक लौटेगा तो दोनों लौटेंगे. आणि धारेखालच्या उतारावर ऊन आलं की जिथे असू तिथून परत. तापलेलं बर्फ सुटतं आणि माणसाला घेऊन जातं. बाई हे ऐकताना झोपडीत येरझाऱ्या घालत होती. ती त्या संध्याकाळी जेवलीसुद्धा चालत.

सकाळी ती म्हणाली, “आज तुह्यं तू बांध.” तिची बोटं थंडीने वळत नव्हती. मी वाकलो, श्वास धरला आणि पट्टी हातात घेतली. लाल दोरा दिसला. तो कशाची तरी खूण आहे, हे आठवलं. कशाची, ते आठवेना. विचारलं असतं तर वर्षभर मान कशी हलवली ते कळलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं. स्कूटरला लाल दिवा कुठे असतो? मागे. बसला? मागे. रेल्वेच्या शेवटच्या डब्याला? मागेच. बाई रेल्वेवाल्याची पोरगी; ती लाल पुढे कशाला लावेल? मी दोन्ही पट्ट्या लाल टोक मागे करून घट्ट बांधल्या आणि स्वतःवर खूश होऊन निघालो.

वाटाड्या पुढे, त्याच्या मागे बाई, शेवटी मी. सपाटीवर बरं चाललं. चढ लागला आणि मी मागे येऊ लागलो. एक पाऊल पुढे, पाऊणएक मागे. मला काहीच वावगं वाटलं नाही. चढणं असंच असतं, भुशावर मी हेच तर शिकलो होतो. काठ्यांना लोंबकळत, फळ्या आडव्या घालत, कोपरांनी, कधी गुडघ्यांनी मी वर जात होतो. पुढच्या दोन आकृत्या लहान होत गेल्या. थांबल्या. पुन्हा निघाल्या. पुन्हा थांबल्या. बाई वरून ओरडली, “काय करून राहिला?” मी हात केला, येतोय. मनात म्हणत होतो, किती दम आहे या म्हातारीत, एवढी घसरत असूनही केवढी पुढे गेली.

शेवटी तीच उतरून माझ्यापर्यंत आली. मी घसरतोय हे तिने दोन पावलं पाहिलं. मग वाकली, माझा पाय घोड्याचा धरतात तसा उचलला आणि फळीच्या पोटावरून तळहात फिरवला. आधी इकडे. मग तिकडे.

“लाल मांगं काहून?”

मी म्हणालो, “गाडीचा मागेच असतो न, बाई.”

तिने काठ्या बर्फात रोवल्या. बक्कलं सोडली, पट्ट्या फिरवल्या, बांधल्या. मी एक पाऊल टाकलं आणि ते तिथेच राहिलं. दुसरं टाकलं, तेही राहिलं. कोणीतरी मागून धरलेला सदरा सोडून द्यावा, तसं झालं. मी पहिल्यांदा बर्फावर चाललो, आणि काय सांगू, मजा वाटली. धार जवळ आली. तिच्यावरचे दगड सुटे सुटे दिसू लागले. एवढ्यात वाटाड्या थांबला आणि त्याने काठी वाटेत आडवी धरली. वरच्या उतारावर ऊन आलं होतं.

“दीदी, अब नहीं.”

बाईने धारेकडे पाहिलं. “मी एकटी गेली तं?” ती मराठीतच म्हणाली. त्याला समजलं. ती एकटी जायची तर वाटाड्या तिच्याबरोबर लागणार, आणि मी इथे एकटा उरणार. म्हणून त्याने नकाराची मान हलवली.

तेव्हा मला जे सुचलं ते मी मोठ्या मनाने बोललो. म्हणालो, बाई, तुम्ही दोघं पटकन जाऊन या, मी इथे बसतो.

ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“बर्फात बसाचं नसते रे,” ती म्हणाली. अगदी हळू, रायपुरात कधी म्हणाली नाही तशी. मग वाकून तिने स्वतःच्या पट्ट्या काढल्या, घडी करून कोटाच्या आत खोचल्या, चढताना मोकळ्या असलेल्या टाचा फळ्यांना कसल्या आणि उतारावर सुटली.

तात्यापाऱ्यात, गिरणीवर, डांबरावर मी ज्या बाईला पाहत होतो ती थोडी वेडी होती, हे मान्य करायला हवं. या उतारावर ती वेडी नव्हती. उजवीकडे, डावीकडे, न थांबता, मागे एक लांब सळसळ सोडत ती गेली. गुडघे म्हणे एक-दोन हिवाळ्यांचे. वाटाड्या माझ्याशेजारी उभा राहून पाहत होता. तो एवढंच म्हणाला की ये तो यहीं की हैं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली कसा आलो ते सांगत नाही. बराचसा बसूनच आलो.

परतल्यावर बाईने मला एका शब्दाने टोकलं नाही. पाऱ्यात कोणी विचारलं तर म्हणायची, मौसम बिगडला. मला वाटलं, वाचलो. रविवारी सवयीने लवकर उठलो, शिट्टीची वाट पाहिली. वाजली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी बाजारातून प्लास्टिकची एक खुर्ची आणून गच्चीत ठेवली आणि तिच्यात बसलो. कोणी उठवायला आलं नाही. वर्षभर ज्या सुखाची वाट पाहिली ते मिळालं, आणि चुळबुळ करून करून मला त्यात दहा मिनिटं बसवेना. खाली बाईच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. आणखी एक हिवाळा फार तर उरला होता.

मग एका रविवारी शिट्टी वाजली. मी धावत जिना उतरलो. बाई दारात होती, खांद्यावर फळ्या. तिने माझ्या मागे, वर पाहिलं.

“चाल वं पोरी,” ती म्हणाली. माझी बायको साडी खोचून माझ्या शेजारून खाली उतरली आणि दोघी गेल्या. जाताना तिने दिलेला डबा माझ्या हातात राहिला.

त्या वर्षी दर रविवारी डबा घेऊन मी जायचो. भुशाच्या पायथ्याशी त्या म्हातारीशेजारी उभा राहायचो. ती वर पाहून म्हणायची, बने चघथे, म्हणजे छान चढतायत. मी म्हणायचो, हव. हिवाळ्यात दोघी गेल्या. मी घरी राहिलो, कुंड्यांना पाणी घातलं, फ्रीजमधलं मेण सांभाळलं आणि गच्चीवर चालत पेपर वाचला. खुर्ची कधीच शेजाऱ्यांना दिली होती.

परत आल्या तेव्हा स्टेशनवर घ्यायला गेलो. दोघींचे चेहरे कोळशासारखे, फक्त डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी वर्तुळं. घुबडांची जोडी उतरल्यासारखी. फळ्या मी खांद्यावर घेतल्या. विचारायचं धाडस होईना. बायकोनेच सांगितलं, पोचलो. मी बाईकडे पाहिलं. पल्याड काय होतं?

“अजून एक धार,” बाई म्हणाली. “यापेक्षा उंच.” आणि गुडघा चोळत हसली. तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, “ऊन यायच्या आत झालं सगळं? वेळ पुरला?”

“पुरला म्हंजे? वरतं मस्त बसलो आम्ही दोघी.”

“बसलात? बर्फात?”

“हव,” बाई म्हणाली. “तू नव्हता न, म्हणून वेळ उरला.”